एपिड्युरल घेतल्यावर जोर कधी लावायचा?

"फुल झालं," म्हणजे गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं, असं सिस्टर म्हणाल्या की लेबर रूमचा नूर पालटतो. बाहेर बसलेल्या आईला आणि सासूबाईंना निरोप जातो, ट्रॉली जवळ ओढली जाते, दिवा खाली घेतला जातो, आणि कुणीतरी म्हणतंच, "चल बाय, आता जोर लाव." एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून दिलेली भूल, न घेतलेली बाई अशा वेळी कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाही. तिला शी लागल्यासारखी अनावर कळ आलेली असते आणि अंग आपणहून रेटा देत असतं. एपिड्युरल घेतलेली बाई मात्र पुष्कळदा गोंधळून विचारते, "आत्ता? मला तर काहीच होत नाहीये."

फोंड्याकडे मी गरोदर बायकांचे वर्ग घेते. एपिड्युरलबद्दल पहिला प्रश्न "कंबर कायमची दुखते का हो?" हाच असतो. त्याचं उत्तर थोडक्यात: सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, पण एपिड्युरलमुळे कायमची कंबरदुखी लागते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जोर कधी लावायचा, हे विचारणाऱ्या बायका फार थोड्या. खरं तर प्रसूतीच्या शेवटच्या दोन-तीन तासांत तुमच्या मताला सगळ्यात जास्त वाव इथेच असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. गर्भपिशवीचं तोंड दहा सेंटीमीटर उघडलं म्हणजे जोर लावता येतो. तो लगेच लावायचा की थोडं थांबायचं, हे बाळाचं डोकं कुठवर उतरलंय, ठोके कसे आहेत आणि तुमच्यात किती त्राण उरलंय, या तीन गोष्टींवर ठरवायचं असतं. निर्णय डॉक्टरांसोबतच होणार, पण काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असावं.

आत काय घडत असतं

तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा काळ म्हणजे प्रसूतीचा दुसरा टप्पा. त्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात गर्भपिशवी आकुंचन पावत बाळाला खाली ढकलते आणि डोकं कटीतून, म्हणजे कमरेच्या हाडांमधल्या पोकळीतून, वळत उतरतं. यात आईला काही करावं लागत नाही. दुसऱ्या भागात आई जोर लावते.

डोकं किती उतरलं हे डॉक्टर 'स्टेशन'मध्ये मोजतात. कटीच्या आत दोन्ही बाजूंना हाडाची दोन टोकं बोटाला लागतात, ती पातळी म्हणजे शून्य. त्याच्या वर डोकं असेल तर उणे एक, उणे दोन. खाली आलं तर अधिक एक, अधिक दोन. तोंड दहा सेंटीमीटर उघडलेलं असूनही डोकं उणे एकवर असू शकतं. ही गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही, आणि मग "फुल होऊन तास झाला, अजून कसं काय नाही?" अशी चुळबुळ सुरू होते.

डोकं खाली येऊन कटीच्या तळाच्या स्नायूंवर टेकलं की ते स्नायू ताणले जातात, त्याचा निरोप मेंदूला जातो, ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं संप्रेरक, वाढतं, कळा जोरकस होतात आणि रेटा द्यायची ऊर्मी येते. एपिड्युरल नेमका हाच निरोप मंद करतं. पाठीच्या कण्याजवळच्या पोकळीत बारीक नळीतून बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन ही बधिर करणारी औषधं सोडतात, सोबत बहुधा थोडं फेन्टानिल हे वेदनाशामक. पूर्वी औषध जरा जड असायचं, पाय लाकडासारखे व्हायचे. आता पुष्कळ ठिकाणी ०.१ टक्का किंवा त्याहून पातळ औषध वापरतात. त्यात दुखणं जातं पण दाब जाणवत राहतो, पायही हलवता येतात. ऊर्मी येईल की नाही, आली तर किती, हे बरंचसं या औषधाच्या ताकदीवर आणि शेवटचा डोस कधी दिला त्यावर अवलंबून असतं.

आठव्या महिन्यात विचारून ठेवा

कळा सुरू झाल्यावर वाटाघाटी होत नाहीत. नाव जिथे नोंदवलंय तिथल्या डॉक्टरांना एका तपासणीच्या वेळी दहा मिनिटं मागा. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, असो, म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा हॉस्पिटल असो की गावातलं खाजगी नर्सिंग होम, प्रश्न तेच.

पहिला: भूल देणारे डॉक्टर रात्री हजर असतात की घरून बोलवावे लागतात? बोलवावे लागत असतील तर किती वेळ लागतो? पेडण्याच्या टोकाहून किंवा सत्तरीतून येणाऱ्या बाईसाठी हा प्रश्न दुपटीनं महत्त्वाचा, कारण ती पोचेपर्यंतच कळा बऱ्याच पुढे गेलेल्या असतात. दुसरा: तोंड पूर्ण उघडल्यावर तुम्ही लगेच जोर लावायला सांगता की डोकं उतरू देता? तिसरा: शेवटी एपिड्युरल बंद करता का? चौथा: जोर लावताना मला कुशीवर झोपता येईल का? आणि शेवटचा: सोबत एक बाई आत येऊ शकते का? सरकारी लेबर रूमसाठीच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात, तो डिसेंबर २०१७ पासूनचा, प्रसूतीसोबतीला जागा दिलेली आहे. तरी प्रत्येक ठिकाणची शिस्त आणि जागा वेगळी, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबते. "फुल झालं की डोस बंद, म्हणजे बाईला कळ कळेल आणि जोर नीट लागेल" ही समजूत जुनी आहे. अभ्यासांतून त्याला ठोस आधार मिळालेला नाही. डोस तोडल्यानं बाळाचं डोकं ओढून काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लागण्याचं प्रमाण खात्रीनं कमी झालं असं दिसलं नाही. वेदना मात्र परत आल्या, आणि त्याही अचानक. पाय अगदीच बधिर असतील तर औषधाचा वेग कमी करायला सांगणं वेगळं. सरसकट बंद करण्यापेक्षा मला तो मार्ग पटतो.

एपिड्युरल लागल्यापासून 'फुल'पर्यंत

हा वेळ नुसता पडून काढू नका. पहिल्या वीसेक मिनिटांत रक्तदाब दर पाच मिनिटांनी मोजतील, कारण तो घसरू शकतो. त्यानंतर पाठीवर सरळ उताणं झोपणं टाळा. भरलेली गर्भपिशवी मोठ्या रक्तवाहिन्यांवर बसते आणि बाळाचे ठोके खाली येऊ शकतात. डाव्या कुशीवर, मग उजव्या, असं साधारण अर्ध्या-पाऊण तासानं वळा. दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी किंवा घरून आणलेला लहान लोड ठेवला की कटीला वाव मिळतो. काही हॉस्पिटलांत यासाठी भुईमुगाच्या शेंगेसारखा मध्ये खोलगट फुगा असतो. नसला तर उशीवर भागतं.

लघवीकडे लक्ष असू द्या. मूत्राशय भरलंय हे एपिड्युरलमध्ये कळतच नाही, आणि भरलेलं मूत्राशय डोक्याची वाट अडवतं. दर दोन-तीन तासांनी सिस्टरना आठवण करा. भांडं देऊन होत नसेल तर नळीनं काढतील. जोर सुरू करण्याआधी तर ते रिकामं असायलाच हवं.

खाण्यापिण्याचं: बहुतेक ठिकाणी एपिड्युरल लागल्यावर फक्त स्वच्छ द्रव चालतात. पाणी, दूध न घातलेला चहा, गर नसलेला रस. शहाळ्याचं पाणी चालेल का, ते तिथे विचारा. आमच्याकडे सासूबाई मोठ्या मायेनं थर्मासभर पेज आणतात. पेज पातळ असली तरी या यादीत बसत नाही. ती बाळंत झाल्यावर प्या, तेव्हा तिच्यासारखं दुसरं काही लागत नाही.

फुल झालं. आता थांबायचं की नाही?

जगभरातले तज्ज्ञसुद्धा इथे एका सुरात बोलत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पूर्वी एक विचार जोरात होता: ऊर्मी नसताना जोर लावून बाई दमते, तेव्हा डोकं आपोआप खाली येऊ द्यावं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एपिड्युरल घेतलेल्या १,८६२ पहिलटकरणी होत्या. ज्या दोन तासांपर्यंत थांबल्या, त्यांच्यात अवघड प्रसूती, म्हणजे मुख्यतः डोकं वर असताना चिमट्यानं ओढावं लागणं, काहीशा कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या शिफारशींत एपिड्युरल असलेल्या बाईनं एक ते दोन तास, किंवा ऊर्मी परत येईपर्यंत, थांबावं असं म्हटलं. पण एक अट घातली. जास्त वेळ लेबर रूममध्ये ठेवण्याची सोय हवी आणि बाळाला प्राणवायू कमी पडतोय का हे नीट तपासता यायला हवं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या सहा हॉस्पिटलांमधल्या २,४१४ पहिलटकरणींवरचा अभ्यास आला. निम्म्यांनी लगेच जोर लावला, निम्म्या तासभर थांबल्या. नैसर्गिक प्रसूती पहिल्या गटात ८५.९ टक्के, दुसऱ्यात ८६.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. लगेच जोर लावणाऱ्यांचा दुसरा टप्पा सरासरी अर्ध्या तासानं लवकर संपला, मात्र प्रत्यक्ष जोर लावण्याचा वेळ त्यांना सुमारे नऊ मिनिटं जास्त लागला. थांबणाऱ्यांमध्ये पिशवीत जंतुसंसर्ग जास्त दिसला, ९.१ टक्के विरुद्ध ६.७ टक्के, आणि बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्रावही, ४ टक्के विरुद्ध २.३ टक्के. यानंतर अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं आपला सल्ला बदलला. २०२४ च्या त्यांच्या मार्गदर्शनात तोंड पूर्ण उघडल्यावर जोर सुरू करावा असं आहे. ब्रिटनमध्ये अजून थांबण्याकडेच कल आहे.

मग आपण काय करायचं? थांबल्यानं सिझेरियन टळतं या आशेवर थांबू नका, तसा आधार नाही. आणि लगेच जोर लावला नाही तर काहीतरी बिघडेल या भीतीनंही घाई नको. फुल झाल्याचं कळलं की डॉक्टरांना विचारा: "स्टेशन किती? बाळाचं तोंड कुठल्या बाजूला? ठोके बरे आहेत ना? पाणी कधी गेलं होतं, ताप आहे का?" या उत्तरांवरून चित्र बहुतेक स्पष्ट होतं.

डोकं शून्याच्या वर आहे, किंवा बाळाचा चेहरा अजून आईच्या पोटाकडे वळलेला आहे, ठोके उत्तम, ताप नाही, रात्रभराच्या कळांनी बाई गळून गेलीय, दाब काहीच जाणवत नाही: अशा वेळी तासभर थांबायला सांगितलं तर आनंदानं थांबा. त्या तासात डोकं वळलं, उतरलं तर पुढचे कष्ट निम्मे होतात. पहिलटकरणीला हा वेळ दोन तासांपर्यंत वाढवतात. दुसऱ्या खेपेच्या बाईला इतकं थांबण्याची पाळी सहसा येत नाही.

डोकं अधिक एक-दोनवर आलंय आणि खाली जडपणा जाणवतोय, तर थांबण्यात अर्थ नाही. तसंच ताप चढलाय, पाणी जाऊन बराच काळ लोटलाय, पाण्याला घाण वास आहे, बाळानं आत शी केलीय आणि ठोक्यांत उतार दिसतोय, रक्त जास्त जातंय, आईचा रक्तदाब वाढलेला आहे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टर म्हणतील तसं, तेव्हाच. तिथे तासाचा हिशेब धरून बसू नका.

आणि सगळं काही मधोमध असेल तर? डोकं शून्यावर, ठोके ठीक, बाई ताजीतवानी. मी असते तर दोन-तीन कळांत जोर लावून बघितला असता. डोकं पुढे सरकतंय असं डॉक्टरांच्या बोटाला कळलं तर चालू ठेवायचं, नाही तर कूस बदलून अर्धा तास विश्रांती. याला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही.

थांबायचं ठरलं तर

थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे. बाळाच्या ठोक्यांवर नजर हवीच. मशीन सतत लावलेलं नसेल तर या टप्प्यात दर पाच मिनिटांनी डॉपलरनं, म्हणजे ठोके ऐकायच्या हातातल्या यंत्रानं, ऐकायला हवेत. कळा मंदावल्या तर कळा वाढवायचं सलाइन, म्हणजे ऑक्सिटोसिन, सुरू करतील किंवा वाढवतील. एपिड्युरलमध्ये हे अगदी नेहमीचं आहे, घाबरू नका.

तुम्ही कुशीवर वळा, वरचा गुडघा उशीवर घ्या, दिवे कमी करायला सांगा आणि शक्य असेल तर डोळे मिटा. नातेवाइकांचे फोन बंद. डोकं वळलेलं नसेल तर कुठल्या कुशीवर झोपायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. दर कळेला शी लागल्यासारखा दाब वाढत चाललाय, मांड्यांच्या मध्ये काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय, आपोआप कण्हायला होतंय, असं काही झालं की लगेच सिस्टरना हाक मारा. तासाला अजून वीस मिनिटं बाकी आहेत म्हणून दम धरायचा नाही.

जोर कसा लावायचा

आधी कळ ओळखायची. दुखत नसल्यामुळे ती कळतेच असं नाही. पोटाच्या वरच्या भागावर, बेंबीच्या चार बोटं वर, तळहात सपाट ठेवा. कळ येताना पोट हळूहळू टणक होतं, कपाळाइतकं कडक. साठ ते नव्वद सेकंदांनी सैलावतं आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. मशीनच्या कागदावरची खालची रेघ वर चढायला लागते तेही बघता येतं, पण हात जास्त भरवशाचा. पोटावरचा पट्टा सरकला की रेघ फसवते.

पोट कडक व्हायला लागलं की एक मोठा श्वास घ्या आणि सोडून द्या. दुसरा श्वास घ्या, हनुवटी किंचित छातीकडे, खांदे सैल, आणि जोर खाली, गुदद्वाराकडे. बद्धकोष्ठ झाल्यावर जिथे जोर लागतो, अगदी तिथेच. चेहरा लालबुंद झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या म्हणजे जोर वर चाललाय, खाली पोचत नाहीये. सहा-सात सेकंद लावा, पटकन श्वास बदला, पुन्हा लावा. एका कळेत असे तीन-चार रेटे बसतात. "दहा मोजेपर्यंत श्वास रोखून धर" असं ओरडून सांगायची पद्धत सगळीकडे आहे. त्याचा खास फायदा सिद्ध झालेला नाही. हलकासा हुंकार देत, श्वास थोडा सोडत लावलेला जोरही तितकाच चालतो. जे जमेल ते करा. कळ उतरली की पूर्ण ढिलं व्हा, अगदी जबडासुद्धा.

पहिल्या दोन-चार कळांत जोर चुकीच्या जागी जाणं साहजिक आहे. डॉक्टर किंवा सिस्टर तुम्हाला विचारून योनीच्या मागच्या बाजूला बोटानं हलका दाब देऊन सांगू शकतात, "इथे, या बोटावर ढकल." बधिरपणातही हा स्पर्श बहुतेकींना कळतो. आरसा मागितला तर आणखी सोपं. केस दिसले की बायकांना कुठून बळ येतं कोण जाणे.

जोर लावताना शी होऊ शकते. होऊ द्या. जोर बरोबर जागी लागतोय याची ती खूण आहे, आणि सिस्टरांना त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही. या एका लाजेपायी बायका अर्धा-अर्धा तास चोरून जोर लावतात.

बसायचं की झोपायचं? एपिड्युरल नसलेल्या बाईला उभट स्थितीचा फायदा होतो, म्हणून एपिड्युरलमध्येही तसंच असेल असं सगळ्यांना वाटायचं. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ३,०९३ पहिलटकरणींच्या अभ्यासात उलटं निघालं. कुशीवर झोपून राहिलेल्यांपैकी ४१.१ टक्के आपल्या आपण बाळंत झाल्या, उभट राहिलेल्यांपैकी ३५.२ टक्के. त्यामुळे टेबलावर पाय बांधून उताणं झोपण्याला पर्याय म्हणून कुशीवर राहू द्या, अशी मागणी करायला तुमच्याकडे चांगलं कारण आहे.

पाय जड असतील तर ते धरायला दोघं लागतात. मात्र मांड्या छातीकडे जोरात दाबून फार वेळ धरू नयेत. तुम्हाला दुखत नसल्यामुळे नस दबतेय हे कळत नाही, आणि नंतर पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा राहतो. दोन कळांच्या मध्ये पाय खाली ठेवायला सांगा.

डोकं बाहेर टेकलं आणि मागे जाईनासं झालं की डॉक्टर म्हणतील, "थांब, आता जोर नको." तेव्हा तोंड उघडं ठेवून फूं फूं असे छोटे श्वास. इथे एपिड्युरलचा उपयोगच होतो: जळजळ कमी असल्यामुळे बाळ सावकाश बाहेर आणता येतं. या वेळी खालच्या त्वचेला कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं लावून धरलं तर गुदद्वारापर्यंत जाणाऱ्या मोठ्या फाटी कमी होतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. खर्च शून्य. आधीच विचारून ठेवण्यासारखी गोष्ट. योनीच्या तोंडाशी सरसकट कट देण्याची शिफारस आता कुणी करत नाही. गरज पडली तर देतील, सांगून.

एका गोष्टीबद्दल मी कडक बोलते. बाळ लवकर यावं म्हणून कुणीतरी पोटावर कोपरानं किंवा दोन्ही हातांनी दाबतं, तो प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: करू नये. एपिड्युरलमध्ये तर बाईला दुखतही नाही, त्यामुळे ती "नको" म्हणत नाही. सोबत असणाऱ्यानं म्हणावं.

सोबतच्या माणसाचं काम

गोव्यातल्या लेबर रूममध्ये कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वेळी चालू असतात. डॉक्टर "पुश" म्हणतात, सिस्टर "जोर कर", आया आणखी काहीतरी, आणि दाराशी आई रडवेली. बाईला कुणाचं ऐकावं कळत नाही. आधीच ठरवा: कळ सुरू झाली की एकानंच बोलायचं. तो आवाज बहुधा सिस्टरांचा असावा. सोबतचीनं पोटावर हात ठेवून "वहिनी, कळ येतेय" एवढं हळूच सांगायचं, ओले फडके द्यायचे, घोटभर पाणी द्यायचं, वेळ लिहून ठेवायची. फुल किती वाजता झालं आणि जोर किती वाजता सुरू झाला, या दोन वेळा वेगळ्या लिहा. पुढे निर्णय घेताना नेमक्या त्याच लागतात.

"शेजारच्या टेबलवरची आपल्यामागून येऊन मोकळी झाली" हे वाक्य आत उच्चारायचं नाही.

किती वेळ, आणि नाही झालं तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पहिलटकरणीचा दुसरा टप्पा बहुधा तीन तासांत आणि पुढच्या खेपेला दोन तासांत पुरा होतो. एपिड्युरलमध्ये थोडा जास्त वेळ लागू शकतो. घड्याळाइतकंच महत्त्वाचं आहे ते डोकं सरकतंय का. तासभर नीट जोर लावूनही स्टेशन तसूभर बदललं नाही तर डॉक्टर पुन्हा तपासतील: डोकं वाकडं आहे का, कळा पुरेशा आहेत का, मूत्राशय भरलंय का. त्यावरून कूस बदलणं, सलाइन वाढवणं, डोकं हातानं वळवणं, व्हॅक्यूम किंवा चिमटा, आणि शेवटी सिझेरियन. डोकं पुरेसं खाली असेल तरच व्हॅक्यूम किंवा चिमटा लावता येतो, हे घरच्यांनाही माहीत असू द्या, म्हणजे "आधी ते करून बघा ना" असा आग्रह होत नाही. एपिड्युरलची नळी आधीच असल्यामुळे सिझेरियनची भूल बहुतेक वेळा तिच्यातूनच देता येते.

बाळ आल्यानंतर

नळी काढल्यावर पायांत ताकद यायला काही तास लागतात. पहिल्यांदा उठताना सिस्टर बोलवा, एकट्यानं न्हाणीघरात जाऊ नका. आधी पलंगावर बसून दोन्ही पाय गुडघ्यात सरळ करून बघा, नितंब उचलता येतात का बघा, मगच उभ्या राहा. सहा तासांत लघवी व्हायला हवी. झाली नाही, किंवा थेंबथेंबच होतेय, तर सांगा, कारण मूत्राशय अजून बधिर असू शकतं आणि ताणलं गेलं तर पुढे बरेच दिवस त्रास देतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसलं की ठणकणारं आणि आडवं पडलं की थांबणारं डोकं दुखायला लागलं, तर ते जागरणाचं समजून बाम चोळत बसू नका. सुई एका थरापलीकडे गेल्यामुळे होणारी ती ओळखीची डोकेदुखी असू शकते आणि तिच्यावर उपाय आहे. एका पायाची शक्ती परत येत नसेल, पाठीत ठणका वाढत असेल किंवा ताप असेल तर त्याच दिवशी, घरी पोचला असलात तरी, एपिड्युरल दिलेल्या हॉस्पिटलला फोन करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचंय असं सांगा.